आधी मुक्काम, मग गाडी

वाचकाचं पत्र : 'माझं वय ४३. कॉलेजात असल्यापासून दोन दारांची, जमिनीलगत बसलेली गाडी घ्यायची इच्छा होती. तेव्हा ऐपत नव्हती, आता आहे. पेट्रोलची घ्यायची नाही असं घरात ठरलंय, म्हणून इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार बघतोय. ऑफिसला जाऊन-येऊन ४४ किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा आईवडिलांकडे जातो, ते एका बाजूने ३१० किलोमीटर. इमारतीच्या तळघरात माझी ठरलेली जागा आहे, पण तिथे प्लग नाही. शोरूममधला मुलगा म्हणाला, १८ मिनिटांत चार्ज होते, घरी चार्जर लागतच नाही. मेहुण्याचं म्हणणं, पाय दाबला की बॅटरी संपते, आणि दोन-तीन वर्षांत बॅटरीची वाट लागते. बायकोचा एकच प्रश्न : ही गाडी रोज वापरणार की झाकून ठेवणार? सध्याची हॅचबॅक विकून हीच एक गाडी ठेवावी असं मनात आहे. तुमचं मत सांगा. आणि मुलीने विचारायला सांगितलंय, आवाजच नसेल तर ती स्पोर्ट्स कार कसली?'

तुमच्या पत्रात चार माणसं बोलली आहेत आणि त्यात नेमका प्रश्न एकट्या तुमच्या पत्नीने विचारलाय. शोरूमवाल्याने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. मेहुणा एका ठिकाणी बरोबर आहे आणि ते ठिकाण तुमच्या रोजच्या रस्त्यावर येत नाही. मुलीला शेवटी उत्तर देतो.

आधी ते १८ मिनिटांचं बघू. हा आकडा हवेतला नाही. २०१९ मध्ये पोर्शेची टायकान ८०० व्होल्टची बॅटरी घेऊन आली. तोवर बाजारातल्या जवळपास सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या ४०० व्होल्टच्या घरात होत्या. व्होल्टेज दुप्पट केलं की तितकीच वीज निम्म्या करंटमध्ये आत जाते. तारा कमी तापतात आणि चार्जिंगचा वेग वाढवता येतो. आजची टायकान आणि ह्युंदाईची आयोनिक ५ एन या दोघीही १० ते ८० टक्क्यांसाठी १८ मिनिटं सांगतात. आता यातल्या अटी वाचा. शून्यापासून नाही, १० पासून. शंभरपर्यंत नाही, ८० पर्यंत. चार्जर ३०० किलोवॉटच्या वरचा हवा, आणि बॅटरी आधीच योग्य तापमानाला आलेली हवी. आयोनिक ५ एनची बॅटरी ८४ युनिटची आहे. युनिट वीजबिलातलंच, म्हणजे एक किलोवॉट तासभर. त्यातले सत्तर टक्के म्हणजे सुमारे ५९ युनिट. एवढे १८ मिनिटांत भरायचे तर सरासरी जवळपास १९५ किलोवॉट सतत मिळायला हवेत. त्याच गाडीला ५० किलोवॉटच्या चार्जरवर लावलीत तर सव्वा तास धरून चाला. गाडी तीच, बॅटरी तीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

८० नंतरची गंमत वेगळी. घागर तोंडाशी आली की नळ बारीक करावा लागतो ना, तसंच. लिथियमच्या आयनांना ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसायला जागा लागते. बॅटरी भरत आली की मोकळ्या जागा कमी उरतात, आणि तरीही जोर लावला तर लिथियम आत न शिरता वरच धातू होऊन साचतं. ते नुकसान कायमचं असतं. म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तर टक्क्यांइतका वेळ लागला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. थंडीतही हेच होतं, बॅटरी गार असली की गाडी हात आखडता घेते.

आणखी एक बारकावा, जो शोरूममध्ये सहसा कानावर येत नाही. ८०० व्होल्टची गाडी ४०० व्होल्टच्या चार्जरवर लावली की काय होतं, हे विचारून घ्या. काही गाड्यांमध्ये व्होल्टेज वाढवायची सोय आतच असते, काहींमध्ये ती मर्यादित असते. सुरुवातीच्या टायकानमध्ये अशा चार्जरवर मूळ सोय ५० किलोवॉटचीच होती. १५० ची हवी असेल तर ती जादा पर्याय म्हणून घ्यावी लागे. वेगाने चार्ज होणारी म्हणून घेतलेली गाडी साध्या चार्जरवर बिचकत उभी राहते, ती यामुळे.

पण समजा हे सगळं जुळून आलं, चार्जर दणकट आहे, गाडीही तशीच. तरीही 'घरी चार्जर लागत नाही' हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण पुस्तकी नाही. एकदा आठ दिवसांसाठी एका मित्राची अशी गाडी माझ्याकडे होती, आणि मी राहतो तिथे तेव्हा प्लग नव्हता. पहिले तीन दिवस मजेत गेले. चौथ्या संध्याकाळी २२ टक्क्यांवर चार्जर गाठला, तर त्याच्या दोन्ही गन, म्हणजे गाडीत खुपसायचे प्लग, दुसऱ्या गाड्यांना लावलेल्या. वीस मिनिटांनी एक मोकळी झाली, तेव्हा कळलं की दोन्ही गन मिळून एकच मशीन आहे, वीज वाटून मिळणार. सातव्या दिवशी दुसरीकडे गेलो, तिथे मशीनचा पडदा काळा. फोन केल्यावर पलीकडच्याने ते दुरून बंद-चालू करून दिलं, माणूस सज्जन होता. प्रत्यक्ष चार्जिंगला दोन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आसपासच लागलं, तक्रार त्याची नाहीच. चार्जरपर्यंत जाणं, थांबणं, परत येणं यात दोन संध्याकाळी गेल्या. शोरूममध्ये फक्त गन लावल्यापासूनची मिनिटं मोजतात. आठव्या दिवशी गाडी परत करताना मला हायसं वाटलं, आणि हे मी इतकी सुंदर गाडी चालवून झाल्यावर सांगतोय.

त्याउलट घरी प्लग असेल तर तुमचा हिशेब अगदीच किरकोळ आहे. अशी गाडी शहरी-उपनगरी रस्त्यावर शंभर किलोमीटरला साधारण २० युनिट खाते. तुमच्या ४४ किलोमीटरला ९ युनिट झाले, त्यात चार्ज होताना वाया जाणारी वीज मिळवा, म्हणजे भिंतीतून १० युनिट. १६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर ३ किलोवॉट धरले तर साडेतीन तासांचं काम. १० अँपिअरचा साधा प्लग असेल तर साडेचार तास. ३२ अँपिअरचा ७.४ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरची चार्जरची पेटी, बसवलात तर दीड तासही लागत नाही. तुम्ही झोपता किती तास? पाचशे-सहाशे अश्वशक्तीची गाडी आणि तिची रोजची भूक दहाच युनिटची, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे तसंच. ताकद म्हणजे क्षणात किती देता येतं ते. दिवसभरात किती खर्च होतं ही वेगळी गोष्ट, आणि ती किलोमीटरवर ठरते.

म्हणून २२ किलोवॉटच्या वॉलबॉक्सच्या मोहात पडू नका. घरातली वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. बॅटरीला हवी डीसी, म्हणजे एकाच दिशेची. मधला बदल गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि त्याची कुवत ठरलेली असते. बहुतेक गाड्यांत ती ७ किंवा ११ किलोवॉट, काहींतच २२. भिंतीवरची पेटी कितीही मोठी लावा, गाडी आपल्या कुवतीइतकंच घेणार. वर २२ साठी थ्री-फेज जोडणी हवी. नाकापेक्षा मोती जड कशाला? रस्त्यावरचे मोठे डीसी चार्जर वेगवान असतात, कारण ते हा बदल बाहेरच करून थेट बॅटरीत वीज ढकलतात.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे : गाडीच्या बुकिंगआधी तळघरातल्या प्लगचं काम हातात घ्या. इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. कारण पुढची कमिटी तोंडी शब्द मानेलच असं नाही. तार तुमच्याच मीटरपासून येणार की तळघरातल्या सामायिक मीटरवरून उपमीटर लावून, हे ठरवा. वीज कंपनीने मंजूर केलेला भार पुरतो का, ते बघा. अशी जोडणी स्वतंत्र सर्किटवरच हवी, त्यावर दुसरं काही लावायचं नाही. गळती पकडणारी ३० मिलिअँपची आरसीसीबी, योग्य एमसीबी आणि तपासून घेतलेलं अर्थिंग यांच्याशिवाय नको. मीटरपासून तुमची जागा लांब असेल तर तार जाड लागते, आणि वायरमन काटकसर करतो ती नेमकी इथेच.

एक्स्टेंशन बोर्डाचं नाव काढू नका. इस्त्री हजार-दोन हजार वॉट घेते, पण मधूनमधून बंद होते. गाडी चार-चार तास एका दमात पूर्ण करंट ओढते. ढिला सॉकेट इस्त्रीला चालून जातो, गाडीला नाही. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद करून वायरमनला बोलवा. इमारतीतले लोक बॅटरीच्या आगीची भीती घालतील. त्यांच्याशी आकडेवारीचा वाद घालू नका, हे सर्किट कसं बसवलंय त्याचा आराखडा आणि तपासणीचा कागद दाखवा. वादापेक्षा कागद लवकर पटतो.

परवानगी मिळालीच नाही तर? मग ऑफिसच्या वाहनतळात प्लग आहे का बघा. आठ तास गाडी उभीच असते, तिथे साधा प्लगही पुरेल. दोन्हीकडे नकार असेल तर मात्र ही गाडी घेऊ नका. एवढ्या हौसेच्या माणसाला असं सांगायला मला बरं वाटत नाही, पण दर पाचव्या संध्याकाळी चार्जरच्या रांगेत उभं राहून हौस फार काळ टिकत नाही.

आता मेहुण्याकडे वळू. पाय दाबला की बॅटरी संपते, असं तो म्हणतो. शाळेतलं एक सूत्र काढू : अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. गाडी २,२०० किलोची धरा, या गाड्या वजनदारच असतात. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत न्यायला तिला जी गतिज ऊर्जा द्यावी लागते ती सुमारे ८.५ लाख ज्यूल, म्हणजे ०.२४ युनिट. मधली गळती धरली तरी हे दीड किलोमीटरच्या रेंजइतकं. आणि पुढच्या सिग्नलला पाय उचललात की मोटर उलटी होऊन जनित्र बनते आणि त्यातला बराच भाग परत बॅटरीत टाकते. पेट्रोलच्या गाडीत ही ऊर्जा ब्रेकमध्ये तापून कायमची जाते. तेव्हा सिग्नल सुटताना एकदा मनासारखी झेप घेतलीत तर बॅटरीला जाणवतही नाही. मान मागे टेकवून ठेवा आणि मुलगी मागे असेल तर आधी सांगून करा, इतकंच.

बॅटरी खातो तो टिकवून धरलेला वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० ऐवजी १३० ने गेलात तर तो विरोध जवळपास १.७ पट होतो, आणि तो काही परत मिळत नाही. म्हणून महामार्गावर एकसारख्या वेगाने जाणारी गाडी शहरात उड्या मारणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खाते. पेट्रोलच्या सवयीला हे उलटं वाटतं.

मेहुणा बरोबर आहे तो रेसिंग ट्रॅकवर. ८० युनिटच्या बॅटरीतून सतत ५०० किलोवॉट काढत राहिलात तर ती दहा मिनिटंही पुरणार नाही, आणि त्याआधीच तापून गाडी ताकद कमी करेल. फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या शर्यती २०१४ मध्ये सुरू झाल्या तेव्हा एका बॅटरीत शर्यत पूर्ण होत नसे. चालक मध्येच गाडीतून उतरून धावत दुसऱ्या गाडीत बसायचे. २०१८ च्या अखेरीस दुसऱ्या पिढीच्या गाड्या आल्या तेव्हा ते थांबलं. तुम्हाला महिन्यातून एक रविवार ट्रॅकवर घालवायचा असेल तर तिथे चार्जर आहे का, हे वेगळं बघावं लागेल. पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून पुढे जातो.

बॅटरी दोन-तीन वर्षांत जाईल, हे म्हणणं मला मान्य नाही. बहुतेक उत्पादक बॅटरीला आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, आणि त्या मुदतीत क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर जबाबदारी घेतात. नेमके शब्द हमीपत्रात वाचा. वापराच्या सवयी मात्र तुमच्या हातात आहेत. या गाड्यांत बहुधा निकेलवाल्या रसायनाच्या बॅटऱ्या असतात, त्यांना रोज ८० टक्क्यांवर थांबवा, गाडीत तशी मर्यादा घालता येते. १०० फक्त लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री, तेही निघायच्या वेळेला पूर्ण होईल असं लावून. भरलेली बॅटरी कडक उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवणं हे तिला सर्वांत मानवत नाही. तीन आठवडे गावाला जाणार असाल तर ५० च्या आसपास सोडा, आणि कॅमेऱ्याची पहारा देणारी सोय बंद करा, ती रात्रंदिवस वीज खात बसते. हो, या गाड्यांतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती मेली तर दारं आणि पुढचं झाकण उघडणंही अडतं. झाकण हाताने उघडायची गुप्त दोरी कुठे आहे, ते गाडी घेताना विचारून ठेवा, नंतर अंधारात शोधण्यापेक्षा.

आता आईवडिलांकडचा प्रवास. कागदावरची रेंज महामार्गावर धरू नका. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचा सरासरी वेग ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास आहे, तुमचा महामार्गावर तसा नसणार. मी सरळ तीस टक्के वजा करतो. वापरता येण्याजोगे ९० युनिट असलेल्या मोठ्या गाडीत, शंभरला २२ च्या हिशेबाने, १० टक्के शिल्लक ठेवूनही साधारण ३६५ किलोमीटर होतात, म्हणजे तुम्ही न थांबता पोचता. पंचाहत्तरच्या आतली, छोट्या रोडस्टरमध्ये (छत उघडणाऱ्या दोन दारी गाडीत) असते तशी बॅटरी असेल तर हाच हिशेब ३०० च्या थोडा वर येऊन थांबतो. मग वाटेत एक थांबा धराच. थांबा घेताना १५-२० टक्क्यांवर पोचा आणि ६० ला निघा. शंभर होईपर्यंत बसून राहणारा माणूस स्वतःचाही वेळ घालवतो आणि मागच्याचाही. चार्जरचा पत्ता गाडीच्याच नकाशात टाका, फोनच्या नको, म्हणजे पोचायच्या आधी गाडी बॅटरी योग्य तापमानाला आणते. आणि जिथे एकच मशीन आहे तिथे शेवटच्या पाच टक्क्यांवर जाऊ नका. चार-सहा मशीन असलेली जागा निवडा, नाहीतर पुढचा चार्जर आवाक्यात असेल इतकं शिल्लक ठेवा.

खरा फायदा आईवडिलांच्या घरीच आहे. तिथे रात्री दहा तास गाडी १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावली तर बॅटरीत २५ युनिट तरी पडतील, म्हणजे महामार्गावरचे सुमारे ११५ किलोमीटर. दोन रात्री राहिलात तर परतीचा बराचसा प्रश्न मिटला, आणि आईवडील दोन रात्रींना नाही म्हणणार नाहीत. मात्र जुन्या घराची वायरिंग आधी तपासून घ्या आणि गाडीच्या पडद्यावर करंट ८ किंवा १० अँपिअरवर आणून ठेवा. मग वीज कमी भरेल, पण मुख्य फ्यूज उडून आख्खं घर अंधारात जाणार नाही.

इतका वेळ विजेबद्दल बोललो, कारण तुम्ही तेच विचारलंत. पण अशी गाडी रोज वापरणारे ज्याला वैतागतात ते वेगळंच असतं, आणि ते तुमच्या तळघराच्या उतारावरच भेटेल. खाली बसलेलं नाक, लांब पुढचा भाग, दोन चाकांमधलं जास्त अंतर. उतार जिथे संपून सपाट होतो तिथे नाक घासतं आणि चढण संपते तिथे पोट. इथे पोट म्हणजे बॅटरीचं आवरण. ते घासणं म्हणजे नुसता रंगाचा ओरखडा नव्हे. काही गाड्यांत नाक किंवा पूर्ण गाडी उचलायची सोय असते. टायकानसारख्या काही गाड्या ती जागा लक्षात ठेवून पुढच्या वेळी आपोआप उचलतात. तुमच्या उताराला ही सोय मी चैन मानत नाही. रंग आणि मोठी चाकं सोडा, ही घ्या.

मोठी चाकं सोडा म्हणालो ते थट्टेने नाही. २१ इंची चाकं दिसायला देखणी, पण रेंज कमी करतात आणि खड्ड्यात रिम वाकवून घेतात. २० किंवा १९ चा पर्याय असेल तर तोच. टायर हाच या गाड्यांचा खरा चालू खर्च आहे. वजन जास्त, टॉर्क म्हणजे चाकं फिरवणारा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण, त्यामुळे रबर भराभर झिजतं. अनेक गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, म्हणून पुढचे मागे, मागचे पुढे असं फिरवून आयुष्य वाढवता येत नाही. स्टेपनी तर बहुधा मिळतच नाही, तिच्या जागी एक डबा असतो चिकट द्रवाचा. खिळ्याच्या भोकाला तो चालतो, टायरची बाजू फाटली तर गाडी टेम्पोवर चढवावी लागते.

तळघरात दार किती उघडतं तेही बघा. दोन दारांच्या गाडीची दारं लांबलचक असतात. शेजारची गाडी रेषेवर उभी असेल तर तुम्हाला पोट आत घेऊन बाहेर पडावं लागेल. चार्जिंगचं झाकण कुठल्या बाजूला आहे आणि प्लग कुठल्या भिंतीवर येणार, हे जुळवून घ्या. नाहीतर रोज केबल बॉनेटवरून ओढावी लागते.

आणि तुमच्या पत्रात एक साधा हिशेब राहून गेलाय. तुम्ही, तुमची पत्नी, मुलगी, असे तीन जण झाले. हॅचबॅक विकून घरात हीच एक गाडी. एमजीच्या सायबरस्टरसारख्या कितीतरी दोन दारी गाड्यांत जागा दोनच असतात! आईवडिलांकडे जाताना तुम्ही कोणाला घरी ठेवणार होतात? दोन दारांचा हट्ट सोडलात तर टायकान किंवा ऑडीची ई-ट्रॉन जीटी यांच्यात मागे दोघं बसतात. टायकानमध्ये मागच्या माणसांच्या पायांसाठी बॅटरीत मुद्दाम खळगे ठेवलेत, नाहीतर बॅटरीच्या जाडीमुळे गुडघे छातीशी आले असते. आयोनिक ५ एन तर दिसायला साधीसुधी, उंच हॅचबॅकच आहे आणि धावायला कोणाला ऐकत नाही. पण ती तुमच्या कॉलेजातल्या स्वप्नासारखी दिसत नाही, हे मलाही कळतं. स्वप्नातलीच हवी असेल तर ती घ्या, फक्त हॅचबॅक विकू नका. निदान एक वर्ष, सगळे ऋतू पाहून होईपर्यंत. नंतर ती धूळ खात पडलेली दिसली तर विकणं एका दिवसाचं काम आहे.

तर तुमच्या पत्नीला सांगा : तळघरात प्लग झाला तर रोज वापरणार, नाही झाला तर घेणारच नाही. झाकून ठेवायची वेळ येते ती बहुधा पेट्रोलच्या स्पोर्ट्स कारवर. तिचा क्लच गर्दीत पाय भरून आणतो, इंजिन तापतं, सकाळी गरम व्हायला वेळ घेते. इलेक्ट्रिक गाडी ताशी दहाच्या रांगेतही कुरकुर करत नाही, म्हणून ती ऑफिसला न्यावीशी वाटते. शिवाय रोज फिरली तर तिचंच भलं होतं. रोजचं बहुतेक ब्रेकिंग मोटर करते, त्यामुळे ब्रेकच्या तबकड्या तशाही कमी घासल्या जातात, आणि गाडी नुसती उभी राहिली तर त्या गंजतात. मधूनमधून मोकळा रस्ता आणि मागे कोणी नाही असं पाहून एकदोनदा जरा जोरात ब्रेक दाबत जा.

बुकिंगआधी गाडी एका रात्रीसाठी मागून घ्या. वीस मिनिटांच्या चाचणी फेरीने काहीच कळत नाही. रात्री तळघरात उतरवा, तुमच्या जागेत लावा, दार उघडून बाहेर पडा, पहाटे शेजारी गाडी उभी असताना परत आत शिरा. हे जमलं तर रस्त्यावर जमेलच.

राहिली मुलगी. तिला सांगा की ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली मोटार इलेक्ट्रिकच होती. कामीय जेनाट्झी नावाच्या बेल्जियन चालकाने २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ बंदुकीच्या गोळीच्या आकाराची गाडी १०५.८८ च्या वेगाने पळवली. गाडीचं नाव होतं 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधीच समाधान न होणारी. तेव्हा इंजिनाचा आवाज नव्हता म्हणून तिला कोणी कमी लेखलं नाही. आज युरोपसह अनेक ठिकाणी अशा गाड्यांना ताशी २० पर्यंत पादचाऱ्यांसाठी आवाज करावाच लागतो. त्यापुढे टायरचाच आवाज पुरतो. आयोनिक ५ एन तर इंजिनाचा आवाज आणि गिअर बदलल्याचा झटका, दोन्ही नकली काढून दाखवते. मला दोन दिवस त्याची मजा वाटली, तिसऱ्या दिवशी मी ते बंद केलं. तुमची मुलगी काय करेल, सांगता येत नाही. गाडी रात्रीपुरती आणाल तेव्हा तिला एक फेरी आवाजासकट मारून आणा, एक आवाज बंद करून. तिचं उत्तर मलाही कळवा.